टायमिंग बेल्ट घरी बदलायचा असेल तर: जुन्या झेनवरचं सविस्तर काम

टायमिंग बेल्ट घरी बदलणार म्हटलं की ओळखीचा मेकॅनिक आधी हसतो आणि मग ठरलेलं वाक्य ऐकवतो, "एक दात चुकला तर व्हॉल्व्ह जातील हां." त्याचं म्हणणं खोटं नाही. पण या कामाला फार ताकद लागत नाही आणि महागडी हत्यारंही लागत नाहीत. ज्याने स्वतः फॅन बेल्ट, स्पार्क प्लग, ब्रेक पॅड बदलले आहेत त्याला बोल्ट सोडणं, कव्हर काढणं आणि बेल्ट चढवणं जमतं. अवघड आहे ते खुणा जुळवणं, आणि त्या खरोखर जुळल्या आहेत याची स्वतःला खात्री पटवणं. म्हणून इथे बाकीचं भराभर सांगतो आणि खुणांपाशी सावकाश थांबतो.

उदाहरणाला कार्ब्युरेटरवाली मारुती झेन घेतली आहे. 1993 मध्ये आलेली ही गाडी आजही बऱ्याच जणांनी जिवापाड सांभाळली आहे. 993 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एकच कॅमशाफ्ट, 8 व्हॉल्व्ह, बेल्ट ताणून धरणारा, स्प्रिंगवर चालणारा साधा टेन्शनर. वॉटर पंप टायमिंग बेल्टवर नाही, फॅन बेल्टवर फिरतो. शिकायला यापेक्षा सोयीचं इंजिन मिळणं कठीण. एस्टीम आणि जिप्सी किंगची इंजिनंही सुझुकीच्या याच जी-मालिकेतली, त्यामुळे कामाचा क्रम पुष्कळसा सारखा. खुणा मात्र प्रत्येक इंजिनाच्या आपापल्या असतात. त्यासाठी आपल्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. ते हाती नसेल तर काम सुरूच करू नका.

आपल्या गाडीत बेल्ट आहे की चेन, हे आधी बघा. मारुतीच्या के-मालिकेच्या इंजिनात चेन आहे. स्विफ्टच्या 1.3 लिटर डिझेलमध्येही चेन. जुनी सँट्रो आणि आय-10 चं 1.1 लिटर इंजिन बेल्टवर, तर आय-10 चं 1.2 लिटरचं 'कप्पा' नावाचं इंजिन चेनवर. इंडिका डिझेलमध्ये बेल्ट आहे, पण तोच डिझेल पंपही फिरवतो, म्हणजे जुळवायची एक जागा वाढली. डस्टरच्या 1.5 डिझेलमध्ये बेल्ट आहे, पण तिथे क्रँक आणि कॅम जागेवर अडकवून ठेवणाऱ्या लॉकिंग पिना लागतात. इकोस्पोर्टच्या 1 लिटर इकोबूस्टचा बेल्ट तर तेलात बुडालेला असतो. शेवटच्या दोन गाड्यांचं काम घरी करायचा मोह आवरा, असंच मी सांगेन.

बेल्ट काय करतो आणि कधी बदलायचा

खाली क्रँकशाफ्ट, वर कॅमशाफ्ट. क्रँक पिस्टन वरखाली करतो, कॅम व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दोघांची वेळ बांधून ठेवतो तो हा दातेरी रबरी पट्टा. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक फेरा होतो. हे प्रमाण डोक्यात ठेवा, पुढे कामाला येईल.

बदलण्याची मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. बहुतेक गाड्यांची ती 60 हजार ते एक लाख किलोमीटरच्या दरम्यान पडते, सोबत वर्षांची मर्यादाही असते, आणि दोन्हींपैकी जे आधी येईल ते धरायचं. झेनसारख्या गाड्यांच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा वर्षंच आधी संपतात, कारण गाडी रविवारी तेवढी बाहेर निघते. रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. जुनी गाडी नुकतीच घेतली असेल आणि आधीच्या मालकाकडे बिल नसेल, तर बेल्ट बदललेलाच नाही असं समजून चाला.

वरून बेल्ट चांगला दिसतो म्हणून फसू नका. बोटांनी उलटा वाकवून दाताच्या मुळाशी बघा, तडे तिथे पडतात. कडेचे दोरे सुटलेले, पाठ काचेसारखी गुळगुळीत झालेली, कुठे तेलाचा ओलावा, यांपैकी काहीही दिसलं तर किलोमीटर मोजत बसू नका. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असंही नाही. चालती गाडी गपकन बंद पडते, आणि सेल मारला की स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर फिरतो. असं झालं तर पुन्हा पुन्हा सेल मारू नका, गाडी टो करून न्या.

सामान

बेल्ट एकटा घेऊ नका, टेन्शनर आणि त्याची स्प्रिंगही घ्या. नव्या बेल्टवर घरघरणारं जुनं बेअरिंग ठेवण्यात काही बचत नाही. कॅमचं आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील आणून ठेवा, लागलं तर हाताशी असावं. फॅन बेल्टही या निमित्ताने नवा घाला. पुण्यात नाना पेठेत जुन्या मारुतीचे पार्ट अजून मिळतात. दुकानदाराला फक्त "झेनचा बेल्ट द्या" म्हणू नका. झेनमध्ये 8 व्हॉल्व्हचं आणि 16 व्हॉल्व्हचं अशी वेगवेगळी इंजिनं आली, त्यामुळे वर्ष आणि इंजिन सांगा. खोक्यावरची तारीख बघा, आणि घडी पडलेला किंवा पिळून रबर बँडने बांधलेला बेल्ट परत करा. आतल्या काचतंतूच्या दोऱ्या एकदा मोडल्या की वरून ते कळत नाही.

हत्यारांत 10, 12, 14 आणि 17 च्या गोट्या (सॉकेट) आणि रिंग पाने, लांब एक्स्टेन्शन, प्लग पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या), छोटा आरसा, बॅटरी आणि व्हाइटनरचं पेन. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर कुणाकडून मागून आणा, पण आणाच. टेन्शनरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात आणि अंदाजाने आवळण्याच्या नादात आटे जातात.

गाडी उचलायला जॅक आणि टेकवायला स्टँड. चाकाला अडसर म्हणून वीट चालेल, गाडीखाली टेकू म्हणून वीट कदापि नाही. वीट भार पडला की न सांगता फुटते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक असतील तर जॅक आणि स्टँडखाली जाड प्लायचा तुकडा घाला, नाहीतर ब्लॉक खचतो आणि स्टँड तिरका होतो.

खोलायला सुरुवात

इंजिन पूर्ण थंड हवं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. मागच्या चाकांना अडसर, हँडब्रेक वर. पट्ट्यांच्या बाजूचं पुढचं चाक काढा, गाडी स्टँडवर घ्या, आणि फेंडरच्या आतलं प्लास्टिकचं आवरण बाजूला करा. तिथून क्रँक पुली समोर दिसते. चारही स्पार्क प्लग काढा आणि प्लगच्या वायरींवर नंबरचे कागद चिकटवा. प्लग काढल्यावर इंजिन हाताने फिरवणं एकदम हलकं होतं.

इथे एक छोटी युक्ती आहे. वॉटर पंपच्या पुलीचे बोल्ट फॅन बेल्ट जागेवर ताणलेला असतानाच ढिले करा. आधी बेल्ट काढलात की पुली हातात गरागरा फिरते आणि तिला धरायचं कशाने हा प्रश्न पडतो. बोल्ट ढिले झाले की अल्टरनेटर सैल करून फॅन बेल्ट काढा, मग पंपाची पुली.

आता क्रँक पुली. या इंजिनात बाहेरची पुली भोवतीच्या लहान बोल्टांनी बसलेली असते, ते काढले की ती निघते. मधला मोठा बोल्ट बेल्टसाठी सोडावा लागत नाही. लहान बोल्ट सोडताना क्रँक फिरू नये म्हणून मधल्या बोल्टवर पाना लावून धरा. बोल्ट सोडायला स्टार्टरचा झटका द्यायची एक गावठी पद्धत आहे, तिच्या वाट्याला जाऊ नका. त्यात पानाही उडतो आणि बोटंही.

बाहेरचं टायमिंग कव्हर लहान-मोठ्या बोल्टांनी धरलेलं असतं आणि त्यांच्या लांब्या वेगवेगळ्या असू शकतात. पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेवा. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो आत भलत्याच ठिकाणी टेकतो.

खुणा

बेल्टला हात लावण्याआधी खुणा जुळवायच्या. हा क्रम बदलायचा नाही.

गिअर न्यूट्रलमध्ये. क्रँकच्या मधल्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा, पुलीच्या बाजूने बघताना. (सगळ्याच गाड्यांना ही दिशा लागू नाही. भारतात आलेल्या पहिल्या होंडा सिटीचं इंजिन उलट दिशेने फिरतं, म्हणून मॅन्युअल.) खूण जवळ आली की हात मंद करा. चुकून पुढे गेलात तर मागे फिरवू नका, पूर्ण फेरे करून परत या. उलट फिरवलं की बेल्टचा ढिलेपणा भलत्या बाजूला जातो आणि तुम्हाला दिसणारी खूण खोटी ठरते.

जुळवायच्या दोन जोड्या आहेत. खाली, क्रँकच्या दातेरी पुलीवर ठोकलेला ठिपका ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या बाणासमोर यायला हवा. वर, कॅम पुलीवरची खूण मागच्या स्थिर भागावरच्या व्ही आकाराच्या खाचेसमोर. काही कॅम पुलींवर एकापेक्षा जास्त खुणा असतात, कारण कंपनी तीच पुली दोन इंजिनांना वापरते. आपली कोणती, हे मॅन्युअलमधल्या चित्रावरून ठरवा. फ्लायव्हीलवर किंवा बाहेरच्या पुलीवर इग्निशन टायमिंगसाठी वेगळी खूण असते, ती या कामात धरायची नाही.

खालची खूण जुळली आणि वरची नेमकी उलट, तळाशी दिसतेय? घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. क्रँकचा ठिपका दर फेऱ्याला बाणासमोर येतो, कॅमची खूण एक फेरा सोडून. क्रँक आणखी एक फेरा फिरवा, दोन्ही जुळतील.

आता बघायचं कसं. डोळा पुलीच्या अगदी समोर, तिच्याच उंचीवर आणा. बॉनेटवरून वाकून बघितलं की जुळलेली खूण अर्धा दात सरकलेली दिसते, आणि सरकलेली जुळलेली दिसते. मोबाईलने फोटो काढा, जरूर काढा, पण कॅमेराही तिरका धरला जातोच, म्हणून निकाल फोटोवर द्यायचा नाही. खाली डोकं जात नसेल तर आरसा आणि बॅटरी. पुलीवरचं काळं तेल कापडाने पुसा, ठिपका सापडला की त्यावर व्हाइटनरचा टिंब द्या, समोरच्या बाणावरही द्या.

आणखी एक पडताळा करून ठेवतो मी. जुना बेल्ट जागेवर असतानाच कॅम पुलीचा एक दात आणि त्यात बसलेला बेल्टचा भाग, दोन्हींवर व्हाइटनरची रेघ. तसंच खाली क्रँकवर. बेल्ट काढल्यावर या दोन रेघांमधले दात मोजायचे, वरच्या रेघेपासून ज्या बाजूला टेन्शनर नाही त्या बाजूने. नव्या बेल्टवर तेवढेच दात मोजून रेघा मारायच्या. कंपनीच्या खुणा हा पहिला पुरावा, दातांची मोजणी हा दुसरा. दोन्ही एकच सांगत असतील तर रात्री झोप लागते. मात्र जुना बेल्टच आधी कुणी चुकीचा बसवला असेल तर मोजणीही चुकीचीच येणार. दोन्हींत फरक पडला तर कंपनीची खूण खरी.

जुना बेल्ट काढणं

या 8 व्हॉल्व्हच्या इंजिनांसाठी एक पायरी गॅरेजमध्ये सर्रास गाळली जाते. व्हॉल्व्ह कव्हर काढून सगळ्या रॉकरचे, म्हणजे कॅमचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्यांचे, ॲडजस्टिंग स्क्रू ढिले करायचे. कारण असं की टेन्शनरची स्प्रिंग बेल्टला ताण देते तेव्हा कॅम मोकळा हवा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांनी कॅम एका बाजूला ढकलून धरला असेल तर बेल्टचा ताण खरा येत नाही. यामुळे शेवटी टॅपेट सेटिंग (रॉकर आणि व्हॉल्व्हमधलं अंतर लावणं) पुन्हा करावं लागतं, तास-दीड तास वाढतो. झेनची टॅपेट तशीही सेट करायला झालेली असतात, तेव्हा कुरकुर नको.

मग टेन्शनरचा बोल्ट आणि स्टडचा नट ढिला करा, टेन्शनर मागे सारा, बेल्ट बाजूला ओढून काढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. बेल्ट निघाल्यापासून नवा चढेपर्यंत कॅम किंवा क्रँक यांपैकी एकालाही एकट्याने फिरवायचं नाही. थोडासा हलला तर पान्याने हळूच जागेवर आणा, गोल गोल फिरवू नका.

हाताशी मोकळी जागा आहे तोवर बाकी तपासून घ्या. कॅम आणि क्रँकच्या सीलभोवती ताजं ओलं तेल दिसलं तर सील बदला, कारण तेल लागलेला नवा बेल्ट फार दिवस टिकत नाही. क्रँकच्या सीलसाठी मधला मोठा बोल्ट काढावा लागतो आणि तो भयंकर घट्ट असतो, त्याला वेगळा वेळ द्या. वॉटर पंपाच्या बॉडीला एक बारीक भोक असतं, तिथून कूलंटचा डाग उतरलेला असेल तर पंपही याच वेळी. टेन्शनर बोटाने फिरवून बघा. नवाही फिरवून बघा, नवे म्हणून आलेले खडखडणारे टेन्शनर असतात.

जुना आणि नवा बेल्ट शेजारी धरा. दातांची संख्या, दाताचा आकार, रुंदी, तिन्ही एकसारखं हवं. दात मोजताना पहिल्यावर टिंब द्या, नाहीतर मोजणी कधी संपली ते कळत नाही.

नवा चढवणं

आधी टेन्शनर आणि त्याची पाटी. पाटीवरचं टोक टेन्शनरच्या भोकात बसलं आहे ना बघा, आणि पाटी हलवली की टेन्शनरही तिच्याबरोबर हलायला हवा. बोल्ट फक्त हाताने लावून ठेवा.

खुणा पुन्हा बघा. बेल्टवर बाण छापलेला असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. टेन्शनर मागे दाबून धरत आधी क्रँक पुलीवर दात बसवा. मग ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू ताठ ठेवत वर कॅम पुलीवर या, आणि उरलेला ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला जाऊ द्या. ताठ बाजूला जरा जरी ढील राहिली तर टेन्शनर ती ओढून घेतो आणि कॅमची खूण सरकते. एक दात चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. बेल्टला तेल, ग्रीस, पेट्रोल, काहीही लावू नका. घट्ट बसतोय म्हणून साबणाचं पाणीही नको.

स्प्रिंग अडकवा, टेन्शनर सोडा. आता क्रँक हाताने, काट्याच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे. फेरे फिरवताना हाताला काय लागतं याकडे लक्ष द्या. अचानक, कडक, धातूवर धातू टेकल्यासारखा अडसर आला तर तिथेच थांबा. एक इंचही पुढे जोर लावू नका. पिस्टन आणि व्हॉल्व्हची गाठ पडली असण्याची शक्यता आहे. बेल्ट काढा, खुणा नव्याने लावा.

दोन फेऱ्यांनी खुणा परत जागेवर आल्या, ढील दिसत नाही, मग टेन्शनर आवळा. आधी स्टडचा नट, नंतर बोल्ट. जी-मालिकेत बोल्टचा टॉर्क साधारण 25 न्यूटन-मीटर आणि नटचा त्याच्या निम्म्याहून कमी असतो, पण नेमका आकडा आपल्या मॅन्युअलमधूनच घ्या. आवळताना टेन्शनर सरकला नाही ना बघा. मग आणखी दोन फेरे आणि पुन्हा तीच तपासणी, डोळा समोर, आरसा, बॅटरी.

"जरासं सरकल्यासारखं वाटतंय" हा संशय सगळ्यांना येतो. त्याचं उत्तर पुलीवरच आहे. एक दात चुकला तर खूण केसभर नाही, शेजारच्या दाताइतकी लांब दिसते. केसभर फरक बघण्याच्या कोनाचा असतो. दाताएवढा फरक असेल तर बेल्ट पुन्हा काढायचा. "चालेल की" म्हणून कव्हर लावायचं नाही. इंजिन कदाचित चालेलही, पण ओढ मेलेली, आयडलिंग थरथरतं, सायलेन्सरमधून फटके. आणि व्हॉल्व्ह-पिस्टनमध्ये किती जागा उरली आहे यावर जुगार.

बंद करणं आणि पहिला सेल

इंजिन थंड असतानाच टॅपेट मॅन्युअलमधल्या अंतरावर फिलर गेजने लावा. व्हॉल्व्ह कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर नवं. टायमिंग कव्हर, क्रँक पुली, पंपाची पुली, फॅन बेल्ट, याच क्रमाने. फॅन बेल्ट मधोमध अंगठ्याने जोरात दाबला की 6 ते 9 मिलिमीटर दबावा. जास्त ताणला तर अल्टरनेटर आणि पंपाची बेअरिंगं बोलायला लागतात.

पहिला सेल प्लगशिवाय मारा, इग्निशन कॉइलची जोडणी काढून, आणि प्लगच्या भोकांपासून तोंड लांब ठेवून. आवाज एकसारखा लयीत यायला हवा. मग प्लग, वायरी नंबरप्रमाणे, कॉइल, आणि गाडी सुरू करा. कव्हरमागून शिट्टीसारखा बारीक आवाज म्हणजे बेल्ट जास्त ताणला आहे, फटफट म्हणजे ढिला. कुठलाही असला तरी इंजिन बंद करून परत उघडा. चालत्या इंजिनावर कव्हर काढून बघायला जाऊ नका. आवाज ठीक असेल तर इंजिन गरम झाल्यावर टायमिंग लाइटने इग्निशन टायमिंग तपासून घ्या. लाइट नसेल तर हे एवढं काम गॅरेजमध्ये दहा मिनिटांत होतं, आणि तोच मेकॅनिक तुमच्या खुणाही कौतुकाने बघेल.

सकाळी लवकर सुरुवात केली तर पहिल्यांदा करणाऱ्याचा दिवस जातो. संध्याकाळी अंधार पडताना खुणा जुळवायची वेळ आली तर काम तिथेच थांबवा, गाडीवर कव्हर टाका आणि उद्या दिवसाउजेडी बघा. मधेच बोल्ट तुटला किंवा आटे गेले तरी हेच. अर्धवट उघडं इंजिन दोन दिवस उभं राहिल्याने काही होत नाही, फक्त कुणी किल्ली फिरवणार नाही एवढं बघा. बॅटरीची तार सुटी आणि स्टिअरिंगला "सेल मारू नये" अशी चिठ्ठी.

पहिले काही दिवस गाडी लांब नेऊ नका. दोन-तीनशे किलोमीटर झाले की वरचं कव्हर बाजूला करून बेल्ट पुलीच्या मधोमध धावतोय ना, कडेने रबराचा भुगा पडत नाही ना, तेवढं बघा. तारीख, किलोमीटर आणि बेल्टचा पार्ट नंबर कागदावर लिहून कव्हरच्या बाहेर पारदर्शक टेपखाली चिकटवा. जुना बेल्ट डिकीत सुटा भाग म्हणून जपून ठेवण्यात अर्थ नाही, कापून भंगारात द्या.